यादीतला शेवटचा क्रमांक: अमेरिकी विमान कंपन्यांच्या वैमानिक-कराराचे परीक्षण

अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्या आणि त्यांच्या वैमानिक संघटना यांच्यात होणारा सामूहिक करार हा शेकडो पानांचा दस्तऐवज असतो, पण बाहेरच्या जगाला त्यातला फक्त वेतनतक्ता माहीत असतो. या परीक्षणात तो करार एका ठरावीक व्यक्तीच्या बाजूने वाचला आहे. ही व्यक्ती म्हणजे नुकतीच निवड झालेला, प्रशिक्षणाच्या वर्गाची तारीख हाती पडलेला आणि कदाचित दुसऱ्या कंपनीचेही निवडपत्र खिशात असलेला वैमानिक. डेल्टा, युनायटेड, अमेरिकन आणि साउथवेस्ट या चार कंपन्यांचे करार तपशिलात वेगळे असले, तरी त्यांचा सांगाडा एकच आहे, त्यामुळे त्यांचा एकत्र विचार करणे गैर ठरणार नाही. माझे मत आधीच नोंदवतो. करार भक्कम आहे, बराचसा न्याय्य आहे आणि घेण्याजोगाही आहे. मात्र तो यादीत असलेल्यांनी यादीत असलेल्यांसाठी केलेला आहे. नव्या माणसाला त्यातून मिळणारी खरी वस्तू पगार नसून एक क्रमांक असते, आणि त्या क्रमांकाचे मोल काय होईल याची हमी कराराच्या कोणत्याही कलमात नसते.

हा क्रमांक म्हणजे ज्येष्ठता यादीतले स्थान. वैमानिक रुजू होतो त्या दिवशी तो यादीच्या तळाशी जातो. एकाच वर्गात एकाच दिवशी दाखल झालेल्यांचा आपापसातला क्रम गुणवत्तेने किंवा उड्डाणाच्या अनुभवाने ठरत नाही. काही कंपन्यांत वयाने मोठा असलेला वर जातो, तर काही ठिकाणी सरकारी ओळख क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यांवरून क्रम लावला जातो. दहा हजार तास उड्डाण केलेला माजी कॅप्टन आणि दीड हजार तास जेमतेम पूर्ण केलेला तरुण एकाच बाकावर बसले, तर तरुणाचा क्रमांक वर लागणेही शक्य असते. हे ऐकायला विचित्र वाटते, पण कराराच्या बाजूने बोलायचे तर यात वशिल्याला जागा उरत नाही. कोणते विमान, कोणता तळ (म्हणजे कोणत्या विमानतळावरून कामाला निघायचे), कॅप्टनपद केव्हा, महिन्याचे कोणते उड्डाण, सुट्टी कमी गर्दीच्या आठवड्यात की भर मोसमात, हे सारे या एका आकड्यावरून ठरते. वैमानिक आपली पसंती नोंदवतो, ज्याला बिडिंग म्हणतात, आणि यंत्रणा वरून खाली येत वाटप करते.

याच ठिकाणी कराराची पहिली बारीक गोष्ट समजून घ्यावी लागते, कारण अनेक नवखे तिथे गोंधळतात. करारात दोन घड्याळे चालतात. ज्येष्ठता ठरवते की तुमच्या आधी निवड करणारे किती जण आहेत. सेवाकाळ ठरवतो की वेतनतक्त्याच्या कोणत्या पायरीवर तुम्हाला पगार मिळेल. बहुतेक वेळा दोन्ही एकत्र चालतात, परंतु कामावरून तात्पुरते कमी केले जाणे, म्हणजे फर्लो, किंवा कंपन्यांचे विलीनीकरण अशा प्रसंगी ती एकमेकांपासून सुटतात. फर्लोच्या काळात ज्येष्ठता क्रमांक सहसा अबाधित राहतो, पण वेतनाची पायरी पुढे सरकते की गोठते, हे त्या त्या करारावर अवलंबून असते. निवडपत्र स्वीकारण्यापूर्वी हे एक कलम तरी मुळातून वाचावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

आता वेतनतक्त्याकडे वळू. तक्त्यात साधारणपणे बारा पायऱ्या असतात. बाराव्या वर्षानंतर केवळ सेवेच्या जोरावर दर वाढत नाही. तो वाढतो नव्या करारामुळे, मोठ्या विमानावर गेल्यामुळे किंवा कॅप्टन झाल्यामुळे. विमानाच्या आकारानुसार दर बदलतात. यूपीएस या मालवाहू कंपनीत मात्र विमान कोणतेही असो, कॅप्टनचा दर एकच आणि फर्स्ट ऑफिसरचा, म्हणजे सहवैमानिकाचा, एकच असतो. त्यामुळे पगारासाठी एका विमानावरून दुसऱ्यावर उड्या मारण्याचे आणि त्यापायी पुन्हा पुन्हा प्रशिक्षण घेण्याचे कारण उरत नाही. मला ही रचना अधिक समंजस वाटते. डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या तीन मोठ्या प्रवासी कंपन्यांत पहिल्या वर्षी नव्या वैमानिकाला विमान कोणतेही मिळाले तरी दर तोच असतो, आणि दुसऱ्या वर्षापासून तो विमानाच्या तक्त्यात शिरतो. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षातली ही उडी बरीच मोठी असते. पहिले वर्ष हे जणू प्रवेशशुल्क आहे, आणि म्हणून दोन कंपन्यांची तुलना पहिल्या वर्षाच्या आकड्यावरून करणे हे कराराचे सर्वात उथळ वाचन होय.

आकडेच हवे असतील, तर २०२३ चे करार हा अलीकडचा टप्पा आहे. डेल्टाच्या वैमानिकांनी मार्च २०२३ मध्ये मंजूर केलेल्या करारात चार टप्प्यांत मिळून ३४ टक्क्यांची वाढ होती, त्यातली १८ टक्के करार लागू होतानाच. त्याच वर्षी अमेरिकन आणि युनायटेड यांनी तिच्या मागोमाग पावले टाकली आणि जानेवारी २०२४ मध्ये साउथवेस्टचा करार मंजूर झाला. यानंतर तीन मोठ्या प्रवासी कंपन्यांत पहिल्या वर्षाचा दर तासाला १०० डॉलरच्या वर गेला, आणि सर्वात मोठ्या विमानावरील बाराव्या पायरीच्या कॅप्टनचा दर ४०० डॉलरच्या पुढे. त्या पायरीवरच्या फर्स्ट ऑफिसरला कॅप्टनच्या सुमारे दोन-तृतीयांश मिळतात.

परंतु तासाचा दर म्हणजे घड्याळी तासाचा दर नव्हे. पगार मोजला जातो तो ब्लॉक तासांवर, म्हणजे विमान दाराजवळून हलल्यापासून मुक्कामी दाराशी थांबेपर्यंत. तयारी, दोन उड्डाणांमधली ताटकळ, परगावच्या हॉटेलातली रात्र हे त्यात येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी करारात किमान आकारणीची कलमे असतात; उदाहरणार्थ, तळापासून दूर घालवलेल्या दर साडेतीन तासांमागे किमान एक तासाचा पगार, किंवा कामाच्या प्रत्येक दिवसामागे ठरावीक सरासरी तास. याशिवाय महिन्याची किमान हमी असते, जी सहसा ७० ते ७५ तासांच्या आसपास असते. नव्या वैमानिकाच्या दृष्टीने या दोन कलमांचे वजन दरातल्या पाच-सात डॉलरच्या फरकाहून जास्त आहे, कारण त्याच्या वाट्याला येणारी उड्डाणे बहुधा ज्येष्ठांनी नाकारलेली, लांब ताटकळीची आणि कमी ब्लॉक तासांची असतात.

पहिली काही महिने किंवा वर्षे नवा वैमानिक ज्या अवस्थेत काढतो तिला रिझर्व्ह म्हणतात. त्याला ठरलेले वेळापत्रक नसते. तो कंपनीच्या बोलावण्यासाठी राखून ठेवलेला असतो. शॉर्ट कॉलवर असला तर फोन आल्यापासून दोन-तीन तासांत त्याला तळावर हजर व्हावे लागते. लाँग कॉलवर असला तर साधारण अर्ध्या दिवसाची किंवा त्याहून जास्त मुदत मिळते. उड्डाण मिळो न मिळो, किमान हमीचा पगार मिळतो, म्हणून कागदावर रिझर्व्ह आरामाचे वाटते. प्रत्यक्षात ज्याचे कुटुंब तळापासून दुसऱ्या शहरात आहे, त्याच्यासाठी ती पदरमोड असते, कारण शॉर्ट कॉलचे दिवस त्याला तळाजवळ भाड्याच्या खाटेवर काढावे लागतात आणि ये-जा आपल्या सुट्टीच्या दिवसांतून करावी लागते. तळ कोणता मिळणार हेही क्रमांकच ठरवतो, आणि ज्येष्ठांना नको असलेला तळच नव्याच्या वाट्याला येतो. या बाबतीत कराराकडे पाहताना लाँग कॉलचे प्रमाण, महिन्यातले हक्काचे सुट्टीचे दिवस, आणि ते दिवस कंपनीला परस्पर हलवता येतात की नाही, या तीन गोष्टी पाहाव्यात. डेल्टाच्या आणि युनायटेडच्या अलीकडच्या करारांत या भागावर संघटनांनी जाणीवपूर्वक काम केले आहे, ही स्वागतार्ह बाब आहे; वेतनवाढीच्या बातम्यांत ती झाकली गेली.

याच संदर्भात एक निवड नव्याला लवकरच करावी लागते. अलीकडच्या भरतीच्या लाटेत काही तळांवर फर्स्ट ऑफिसरला फार लवकर कॅप्टन होण्याची संधी मिळू लागली, कारण ज्येष्ठांना तिथे कॅप्टन होऊन पुन्हा रिझर्व्हवर बसण्यात रस नव्हता. कॅप्टनांच्या यादीत तळाला असणे आणि फर्स्ट ऑफिसरांच्या यादीत वर असणे यांत पगार पहिल्याला जास्त, पण आयुष्य दुसऱ्याला बरे मिळते. करार ही निवड वैमानिकावर सोडतो, हे मला आवडते. एकदा जागा घेतली की ठरावीक काळ, बहुधा दोनेक वर्षे, तिथून हलता येत नाही, हे मात्र आधी लक्षात घ्यावे.

परिवीक्षेबद्दल, म्हणजे नोकरीच्या सुरुवातीच्या चाचणीकाळाबद्दल, थोडक्यात. ती साधारण बारा महिन्यांची असते आणि त्या काळात वैमानिकाला काढून टाकले तर तक्रारनिवारणाची व लवादाची नेहमीची वाट त्याला सहसा खुली नसते. संघटना त्याच्या पाठीशी उभी राहू शकते, पण तिच्या हातात हत्यार कमी असते. करारातले हे सर्वात दुबळे पान आहे.

नव्या माणसाच्या अनुपस्थितीत त्याचा पगार ठरवला जाणे ही केवळ तात्त्विक तक्रार नाही. तिचा इतिहास आहे. १९३२ मध्ये ई. एल. कॉर्ड यांच्या सेंच्युरी एअर लाइन्सने वैमानिकांचे पगार कापायला घेतले आणि नकार देणाऱ्यांना बाहेर ठेवून नवे वैमानिक भरती केले. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या एअर लाइन पायलट्स असोसिएशनची ती पहिली मोठी लढाई होती. १९३४ च्या ‘डिसिजन ८३’ या सरकारी कामगार मंडळाच्या निर्णयाने वैमानिकांच्या वेतनाला सूत्र दिले आणि महिन्याचे उड्डाण ८५ तासांवर रोखले. पुढे १९७८ मध्ये सरकारी नियंत्रण उठले, स्वस्त कंपन्या आल्या, आणि १९८३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांकडून द्विस्तरीय वेतन मान्य करून घेतले. आधीपासून असलेल्यांचा तक्ता ‘ए’ आणि त्यानंतर येणाऱ्यांचा, बराच कमी दराचा, तक्ता ‘बी’. मतदान करणाऱ्यांपैकी कोणाच्याही खिशाला त्यातून चाट बसत नव्हती. ज्यांच्या खिशाला बसणार होती ते अजून नोकरीतच नव्हते.

युनायटेडने १९८५ मध्ये तोच मार्ग धरला तेव्हा तिथल्या वैमानिकांनी २९ दिवसांचा संप केला. त्या संपातील एक प्रकरण नव्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. संपकाळात कामावर घेण्यासाठी कंपनीने ५७० नवे वैमानिक तयार ठेवले होते. त्यांतल्या जवळजवळ सर्वांनी संप मोडून कामावर जाण्याचे नाकारले. त्यानंतर कंपनीने त्यांना कामावर घेण्यास नकार दिला, आणि प्रकरण न्यायालयात जाऊन त्यांच्या बाजूने लागले. ज्यांच्या पगारासाठी ज्येष्ठ वैमानिक लढत होते, त्यांनीही ज्येष्ठांची साथ सोडली नाही, असा हा दुर्मीळ प्रसंग. द्विस्तरीय वेतन या संपाने पूर्णपणे टळले नाही, पण दोन तक्ते काही वर्षांनी एकत्र यावेत अशी तजवीज झाली. इतर कंपन्यांतही ही पद्धत पुढे विरली, आणि त्याचे कारण साधे आहे. भरती वाढली तसे ‘बी’ तक्त्यावरचे वैमानिक संख्येने वाढले, आणि पुढच्या करारावर मत देण्याचा अधिकार त्यांनाही होता.

प्रादेशिक कंपन्यांची गोष्ट याहून वेगळी. मोठ्या कंपन्यांच्या रंगातली छोटी विमाने उडवणाऱ्या या कंपन्यांत नव्यांचा पगार अनेक वर्षे लाजिरवाणा होता. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळल्यानंतर झालेल्या सार्वजनिक सुनावणीत सहवैमानिकाच्या तुटपुंज्या उत्पन्नाची आणि लांबच्या ये-जा प्रवासाची चर्चा साऱ्या देशाने ऐकली. त्यानंतरच्या कायद्याने २०१३ पासून प्रवासी विमानाच्या सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांच्या अनुभवाची अट आली. तरीही पगार खऱ्या अर्थाने वाढला तो २०२२ मध्ये, जेव्हा मोठ्या कंपन्यांनी प्रादेशिक कंपन्यांतले वैमानिक ओढून नेले आणि पीडमाँट व एन्व्हॉय या प्रादेशिक कंपन्यांना पहिल्या वर्षाचा दर तासाला ९० डॉलरवर न्यावा लागला. त्यातला काही भाग तात्पुरता अधिभार म्हणून दिला होता, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. अपघाताने, सुनावणीने आणि कायद्याने जे झाले नाही ते माणसे मिळेनाशी झाल्यावर काही आठवड्यांत झाले. नव्याचा पगार हा करारातल्या तत्त्वांपेक्षा त्या वर्षीच्या बाजारावर अधिक ठरतो, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

आता क्रमांकाच्या टिकाऊपणाचा प्रश्न. क्रमांक वर सरकतो तो मुख्यतः वरच्यांच्या निवृत्तीने, आणि निवृत्तीचे वय करार ठरवत नाही. डिसेंबर २००७ मध्ये कायद्याने ते ६० वरून ६५ केले. त्यामुळे यादीचा वरचा भाग पाच वर्षे जवळजवळ जागचा हलला नाही, आणि लगोलग आर्थिक मंदी आली. त्या सुमारास रुजू झालेल्यांचे आणि २०१५ नंतर रुजू झालेल्यांचे करार अक्षरशः एकच असले तरी त्यांच्या कारकिर्दी एकमेकींना ओळखही दाखवणार नाहीत. दिवाळखोरीत करारच बदलता येतो. २००२ मध्ये युनायटेड आणि २००५ मध्ये डेल्टा न्यायालयात गेल्या तेव्हा बाराव्या पायरीचे दरही कापले गेले, आणि युनायटेडच्या वैमानिकांची निवृत्तिवेतन योजना बंद पडली. कपात करताना नियम सरळ असतो, शेवटी आलेला आधी जातो. २०२० च्या ऑक्टोबरात अमेरिकन एअरलाइन्सने यादीच्या तळातल्या वैमानिकांना फर्लो दिला. युनायटेडच्या वैमानिकांनी मात्र सर्वांचे तास कमी करून घेत तळातल्या सुमारे २,८५० जणांना वाचवले. ज्येष्ठांनी कनिष्ठांसाठी पदरचे दिल्याचे हे उदाहरण करारावरचा माझा राग थोडा कमी करते.

विलीनीकरण याहून कठीण. २००१ मध्ये अमेरिकनने टीडब्ल्यूए विकत घेतली तेव्हा टीडब्ल्यूएचे बरेच वैमानिक एकत्रित यादीच्या तळाला जोडले गेले. त्या असंतोषातून २००७ मध्ये मॅकॅस्किल-बाँड तरतूद आली, जिच्यामुळे याद्या न्याय्य रीतीने जोडणे आणि न जुळल्यास लवादाकडे जाणे बंधनकारक झाले. पण न्याय्य म्हणजे काय? यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्यांच्या विलीनीकरणात लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी २००७ मध्ये दिलेल्या निवाड्यात यूएस एअरवेजचे फर्लोवरचे वैमानिक अमेरिका वेस्टच्या अगदी नव्या, पण प्रत्यक्ष उडत असलेल्या वैमानिकांच्या खाली गेले, आणि सतरा वर्षांच्या आसपास सेवा झालेला वैमानिक काही महिन्यांपूर्वी लागलेल्याच्या शेजारी आला. सेवेची वर्षे मोजायची की हातात असलेली नोकरी, या वादात वैमानिकांनी २००८ मध्ये आपली संघटनाच बदलली, आणि अमेरिकनबरोबरच्या पुढच्या विलीनीकरणापर्यंत दोन्ही गट एका यादीत नांदले नाहीत.

सर्वात मोठी त्रुटी अशी की क्रमांक कंपनीबाहेर नेता येत नाही. वीस वर्षांचा कॅप्टन दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेला तर तो पुन्हा तळाला, पहिल्या वर्षाच्या दरावर, कदाचित रिझर्व्हवर. सर्व कंपन्यांची मिळून एक यादी असावी ही कल्पना वैमानिकांत वेळोवेळी चर्चिली गेली आहे; पण ज्याच्या कंपनीची भरभराट आहे तो दुसऱ्याला आपल्या वर येऊ देण्यास तयार होत नाही, आणि कंपन्यांना तर वैमानिक बांधलेला राहणे सोयीचेच आहे.

मग पर्याय काय? संयुक्त अरब अमिरातीत कामगार संघटना नाहीत, आणि तिथली एमिरेट्स बाहेरच्या अनुभवी कॅप्टनला थेट कॅप्टन म्हणून घेऊ शकते; अनुभवाला तिथे लगेच किंमत मिळते. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने २०२० च्या ऑक्टोबरात वैमानिकांपुढे कमी वेतनाचे नवे करार ठेवले आणि बहुतेकांना ते स्वीकारावे लागले. अमेरिकेत विमान कंपन्यांनाही लागू असलेल्या रेल्वे लेबर ॲक्ट या कामगार कायद्यामुळे कराराची मुदत संपली तरी तो मरत नाही. नवा होईपर्यंत जुन्याच अटी चालू राहतात, आणि कंपनीला त्या एका फटक्यात बदलता येत नाहीत. याहून मोठी जमेची बाजू म्हणजे ज्येष्ठतेमुळे कॅप्टनची बढती कोणत्याही व्यवस्थापकाच्या मर्जीवर राहत नाही. खराब हवामानात किंवा सदोष विमानात उड्डाण नाकारणाऱ्या कॅप्टनचा क्रमांक त्या नकाराने एकानेही खाली येत नाही. प्रवासी म्हणून मला या कलमाचे मोल वेतनतक्त्यातल्या कुठल्याही आकड्याहून जास्त वाटते, आणि नव्या वैमानिकालाही ते पहिल्या दिवसापासून लागू असते.

म्हणून दोन निवडपत्रे हाती असलेल्याने पहिल्या वर्षाचा दर बाजूला ठेवावा आणि वर असलेल्यांचे वय पाहावे. पुढच्या दहा वर्षांत किती जण ६५ पूर्ण करणार याचा अंदाज संघटनेच्या प्रतिनिधीकडून सहज मिळतो. त्यानंतर राहत्या शहराजवळचा तळ नव्यांना किती वर्षांत मिळतो ते विचारावे, मग रिझर्व्हची आणि फर्लोची कलमे वाचावीत. आणि दोन्ही कंपन्या सारख्याच वाटल्या, तर जिचा वर्ग आधी सुरू होतो ती घ्यावी, कारण भरती जोरात असताना एका महिन्याच्या उशिरातही शेकडो जण पुढे जाऊ शकतात, आणि ते निवृत्त होईपर्यंत पुढेच राहतात.